नाव जिभेवर अडतं, भाकरी मात्र चुकत नाही

वाचकांचे प्रश्न : वय, आठवण आणि स्वतःची ओळख

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण या वेळच्या निम्म्याअधिक पत्रांत आहे. कुणी चेष्टेनं लिहिली आहे, कुणी घाबरून. म्हण जुनी आहे आणि बऱ्यापैकी चुकीची आहे. वयानं मेंदूतलं काय झिजतं, काय टिकतं आणि आपल्याच झिजेचा माणसाला पत्ता लागतो की नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, निवृत्त मुख्याध्यापक. बाजारात जुना विद्यार्थी पाया पडतो. तो कोणत्या बाकावर बसायचा, वडील काय करायचे, सगळं आठवतं. नाव येत नाही. घरी येऊन हात धुताना अचानक आठवतं. ही अल्झायमरची सुरुवात समजायची का? (वसमत)

उत्तर : सर, मुलाचा बाक आठवला, बापाचा धंदा आठवला, म्हणजे साठवण जागेवर आहे. हात धुताना नाव आलं, म्हणजे तेही पुसलेलं नव्हतं. हाक मारली तेव्हा आलं नाही, एवढंच. एवढ्यावरून अल्झायमर म्हणता येत नाही.

विशेषनामच का अडतं, यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच माणसाचा फोटो दोन गटांना दाखवला. एका गटाला सांगितलं, याचं आडनाव बेकर. दुसऱ्याला सांगितलं, हा धंद्यानं बेकर, म्हणजे पाव भाजणारा. धंदा जास्त जणांच्या लक्षात राहिला, आडनाव कमी जणांच्या. शब्द तोच! आपल्याकडं 'सुतार' घ्या. धंद्यानं सुतार म्हटलं की रंधा, पटाशी, भुसा, औताची दुरुस्ती सगळं सोबत येतं. आडनावानं सुतार असलेला गृहस्थ बँकेत कॅशियर असतो. त्या नावाला धरून ओढायला दुसरी दोरीच नसते. वय वाढतं तशी अर्थापासून उच्चारापर्यंतची ही एकेरी वाट ढिली पडते. म्हणून चेहरा येतो, गाव येतं, खोड्यासुद्धा येतात आणि नाव जिभेवर अडतं.

तिथंच उभं राहून नाव उकरत बसू नका. जितका वेळ अडखळाल, तितकी मेंदू अडखळण्याचीच उजळणी करतो आणि पुढच्या खेपेला त्याच नावावर पुन्हा अडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. सरळ विचारा, "नाव सांग बरं, बाळा." मग बोलताना ते दोनदा तोंडातून काढा आणि स्वतःशी जोडा: 'याच्या बॅचला मी पहिल्यांदा भूमिती शिकवली.' जो शब्द माणूस स्वतःला लावून पाहतो तो जास्त लक्षात राहतो, हे १९७७ साली प्रयोगानं दाखवलं गेलं. म्हातारपणातही ही सवलत बरीचशी टिकते.

आता झीज कुठं होते ते. मेंदूच्या आतल्या बाजूला कानशिलाच्या पातळीवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नवी घटना 'कधी, कुठं, कुणाबरोबर' अशी बांधून ठेवणं हे त्याचं काम. उतारवयात, आजार नसला तरी, तो वर्षाला साधारण १ ते २ टक्के आक्रसतो. कपाळामागचा भाग एका वेळी दोन कामं सांभाळतो, तोही मंदावतो. म्हणून काल कुणी काय सांगितलं ते निसटतं आणि टीव्ही चालू असताना हिशेब चुकतो. शब्दसंपत्ती मात्र सत्तरीपर्यंत टिकते, कित्येकांची वाढते.

काळजीची लक्षणं वेगळी असतात. हा मुलगा आपल्या शाळेत होता हेच पटत नाही. रोजच्या बाजारातून घरी येताना रस्ता चुकतो. वीजबिल भरल्याचं आठवत नाही आणि पुन्हा भरलं जातं. 'कुलूप' म्हणायचं तर 'ते हे' म्हणून भागवावं लागतं. शांत माणूस अचानक चिडका किंवा उधळ्या होतो. ढोबळ पारख अशी: तक्रार तुम्ही स्वतः करताय की घरचे? तुम्ही स्वतः बारकाव्यानं लिहिलंय, हे चांगलं. तरी एकदा घरच्यांना विचाराच. कारण पुढचं पत्र.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. भाकरी आजही माझ्यापेक्षा चांगली थापतात. पण "पोरगं आलं का शाळंतून?" हे तासात पाच वेळा विचारतात. काही म्हटलं की "मला सगळं याद हाय, तुम्हीच मला येडी ठरवायलात" म्हणून भांडतात. परवा आरशात बघून "ही म्हातारी कोण" म्हणाल्या. सोंग करतात की काय, असं घरात सगळ्यांना वाटतं. (औसा तालुका)

उत्तर : सोंग नाही. दोन्ही खऱ्या आहेत, भाकरीही आणि विसरही.

भाकरी करताना त्यांचे हात एकदा नीट बघा. काठवटीत पीठ घेतलं, आधणाचं पाणी ओतलं, की किती ओतायचं हे त्या ठरवत नाहीत, बोटं ठरवतात. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर मळतानाच त्यांना कळतं आणि त्या पाणी जास्त कढत मागतात. थापताना कड चिरली तर ओलं बोट आपोआप तिथं जातं. हे हातातलं ज्ञान लहान मेंदूत आणि मोठ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींमध्ये राहतं. अल्झायमर सुरू होतो हिप्पोकॅम्पसच्या आसपास, आणि हातातल्या ज्ञानाच्या जागेपर्यंत उशिरा पोचतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर इलाज म्हणून दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. रोज तो म्हणायचा, हे काम मी पहिल्यांदाच करतोय.

तुमच्या सासूबाईंची भाकरी कुठं बिघडते, सांगू? चवीत नाही, मोजण्यात. सहा लागत असतील तर बारा होतात, कारण 'आतापर्यंत किती झाल्या' हे हाताला माहीत नसतं. म्हणून लागेल तेवढंच पीठ काढून काठवटीत द्या, डबा नजरेआड ठेवा. काठवट रिकामी झाली की काम संपलं, हे त्यांना दिसतं. गॅसचं बटण विसरतं. भाकरी झाल्या की टाकीवरचा रेग्युलेटर तुम्ही स्वतः बंद करायचा. पण भाकरी काढून घेऊ नका. दिवसभरात 'मला जमतं' असं त्यांना सांगणारी ती एकच वेळ असेल.

आता भांडणाचं. आपल्याला आजार आहे हेच न कळणं, याला न्यूरॉलॉजीत ॲनोसोग्नोसिया म्हणतात. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये अर्धांगाच्या रुग्णांबद्दल हा शब्द काढला. हात लुळा पडलेला आणि रुग्ण म्हणतोय, मला काही झालेलं नाही! विसराच्या आजारातही असंच होतं. झालेली चूक आठवली तर माणूस स्वतःबद्दलचं मत बदलणार. चूकच साठवली जात नाही, मग मत कशावरून बदलावं? त्यांच्या लेखी त्या अजून घर चालवणारी, हिशेबाला पक्की बाई आहेत, आणि तुम्ही उगाच आळ घेताय. नाकबूल करणं म्हणजे हट्ट, असं समजू नका.

मी कसा आहे, कशी आहे हे ज्ञान आठवणींपासून बरंच वेगळं साठतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली क्लाइन यांनी अल्झायमर झालेल्या एका वृद्धेला स्वतःचा स्वभाव सांगायला लावला. तिनं सांगितलेला स्वभाव घरच्यांच्या सांगण्याशी जुळला, पण आजाराआधीच्या तिच्याशी. आत्ताच्या तिच्याशी नाही. ओळख पुसली गेली नव्हती, थिजली होती. कॅनडातला के.सी. हा रुग्ण याच्या उलट. १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर त्याला आयुष्यातला एकही प्रसंग आठवेना, पण अपघातानं बदललेला आपला स्वभाव त्यानं बरोबर सांगितला; तो आईच्या सांगण्याशी जुळला. म्हणजे प्रसंग गेले तरी 'मी' नव्यानं शिकता येतो. अल्झायमरमध्ये मात्र ही नवी नोंद होणंच थांबतं. आरशातली म्हातारी अनोळखी वाटते ती त्यामुळं. त्या आरशापाशी घाबरत असतील तर त्यावर पडदा टाका. घाबरत नसतील, तिच्याशी गप्पा मारत असतील, तर राहू द्या.

'पोरगं आलं का' याला 'आत्ताच सांगितलं की' म्हणू नका. ते वाक्य त्यांच्यासाठी निव्वळ अपमान आहे. 'पाचला येईल' एवढंच, दर वेळी त्याच आवाजात. रोजच्या एका गोष्टीसाठी टप्प्याटप्प्यानं आठवायला लावायची पद्धत वापरता येते. एकच गोष्ट निवडा, समजा 'चष्मा देवळीत असतो'. सांगा, लगेच विचारा, "चष्मा कुठं असतो?" बरोबर आलं की ३० सेकंदांनी, मग १ मिनिटानं, २, ४, ८, १६ मिनिटांनी विचारा. मध्ये गप्पा, शेंगा सोलणं चालू द्या. चुकलं तर अंदाज करू देऊ नका. बरोबर उत्तर सांगा, त्यांच्या तोंडून म्हणून घ्या आणि शेवटी जमलेल्या अंतरावर परत या. अंदाज करू दिले तर चुकीचं उत्तरच पक्कं होतं. बहुतेक घरांत पद्धत फसते ती इथंच. एका वेळी एकच गोष्ट, आठवड्यातून तीन-चार बैठका.

डॉक्टरकडं बीपी-शुगर तपासायचं म्हणून न्या, खोटंही नाही ते. सोबत त्यांच्याबरोबर राहणारंच माणूस जावं. पुण्याहून आलेला मुलगा नको, त्याला काही माहीत नसतं. दोन आठवडे वहीत तारीख, वेळ आणि काय झालं एवढंच लिहून ठेवा. घरच्यांना विचारायची एडी-८ नावाची ८ प्रश्नांची यादी डॉक्टरांकडं असते. दोन किंवा जास्त बाबतींत बदल दिसला तर पुढची तपासणी करतात. थायरॉइडची टीएसएच तपासणी, व्हिटॅमिन बी-१२, सोडियम, शुगर आणि एकदा मेंदूचं स्कॅन आधी होऊ द्या. अल्झायमरवरची डोनेपेझिलची गोळी दिली तर ती आजार थांबवत नाही, काही जणांत काही काळ गाडी रुळावर ठेवते. सहसा ५ मिलिग्रॅमनं सुरुवात, ४ ते ६ आठवड्यांनी १०. नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी. मळमळ-जुलाब झाले किंवा रात्री भयंकर स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना सांगा. स्वप्नांसाठी गोळी बऱ्याचदा सकाळी देतात.

प्रश्न : आमचे आबा नव्वदीचे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण आकडे उर्दूत मोजतात, शाळेतले शेर म्हणतात. दिवेलागणीला मात्र "रझाकार आले, दार लावा" म्हणून उठतात. (उदगीर)

उत्तर : नव्वदीचे आबा निजामाचं राज्य आणि त्याच्या बाजूच्या रझाकार टोळ्या संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, तेरा-चौदा वर्षांचे होते. निजामाच्या राज्यात वरची शाळा उर्दूतच व्हायची. दहा ते तीसपर्यंतच्या वयातल्या आठवणी म्हाताऱ्या माणसाला सर्वांत जास्त आणि सर्वांत ठळक येतात; जगभरच्या अभ्यासांत हा उंचवटा दिसतो. पहिली शाळा, पहिली भीती, पहिली नोकरी, लग्न, सगळं त्याच काळातलं, आणि 'मी कोण' हे ठरतंही तेव्हाच. शिवाय या गोष्टी आयुष्यभर हजारदा सांगून झालेल्या असतात. आबांचे उर्दू आकडे ही बिघाडाची खूण नाही, त्यांच्याशी बोलायचं दार आहे. उर्दूत मोजत पायऱ्या चढवा, गोळ्या मोजून द्या.

संध्याकाळचं वेगळं. उजेड कमी झाला, डोळ्यांना सावल्या नीट कळेनाशा झाल्या आणि दिवसभराचा थकवा असला की मेंदू जुनंच चित्र पुढं करतो. दिवे मावळतीच्या अर्धा तास आधी लावा. खुंटीवरचा काळा कोट किंवा घोंगडी माणसासारखी दिसते, ती काढा. 'कुठले रझाकार, किती वर्षं झाली' असा वाद नको. "दार लावलंय आबा, मी हाय इथं" म्हणा आणि खरंच कडी लावून दाखवा. हे नव्यानं सुरू झालं असेल तर लघवीत जंतुसंसर्ग आहे का ते तपासा. आणि आबांना भरदिवसा, स्पष्ट, लहान मुलं किंवा जनावरं दिसत असतील, हात-पाय ताठरले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात असं होतं, आणि त्यात भ्रमावरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं जिवावर बेतू शकतात.

प्रश्न : भूकंपाच्या रात्री मी आणि थोरला भाऊ एकाच घरात होतो. तो म्हणतो आई आधी बाहेर पडली, मी म्हणते आईला आपण काढलं. दोघांनाही चित्र लख्ख दिसतं. कुणाची आठवण बिघडली? (लोहारा)

उत्तर : कदाचित कुणाचीच नाही. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत-बाहेर, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. अशा आठवणीला फोटोची लकाकी असते, पण फोटोची खात्री नसते. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कुठं, कुणाकडून कळली. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. जवळजवळ चौथाई जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही, तरी ते ठाम होते. स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तेव्हा काही जण म्हणाले, हे मी लिहिलं असलं तरी असं झालं नव्हतं! आठवण दर वेळी काढताना थोडी नव्यानं बांधली जाते, आणि ही गोष्ट तुम्ही दोघांनी गेली तीस वर्षं वेगवेगळ्या माणसांना सांगितली आहे. पोरं विशीतली होती त्या प्रयोगात. वयाचा दोष नाही. आई बाहेर निघाली, यावर दोघांचं एकमत आहे ना?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, चांगले होते. मे महिन्यात दोन दिवसांत एकदम बरळायला लागले, दिवसा झोप, रात्री उठून गोठ्याकडं. गावात म्हणतात चळ लागला, वयामुळं असतंच. (बीड जिल्हा)

उत्तर : नसतं. हे पत्र टपालानं यायला नको होतं. महिन्या-वर्षांत हळूहळू येतो तो स्मृतिभ्रंश. तासांत किंवा दिवसांत येतो तो डिलिरियम, जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची तो. तो मेंदूचा म्हातारपणा नव्हे, अंगातल्या दुसऱ्या कशाची तरी आरोळी असते. ओळखायची रीत: वार उलटे म्हणायला सांगा, शनिवार, शुक्रवार, गुरुवार असे. नुसता विसराळू माणूस सावकाश का होईना म्हणतो. वात झालेला दोन वारांनंतर भरकटतो, आणि सकाळी जमतं ते दुपारी जमत नाही.

घरात पहिल्यांदा बोटातून शुगर बघा. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवले नाहीत, असं उन्हाळ्यात हमखास होतं. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखर ३ चमचे पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. नीट शुद्धीत नसतील तर तोंडात काही घालू नका. मग अंगाला हात लावा: त्वचा भाजल्यासारखी गरम, ताप १०४ फॅरनहाइट किंवा वर, तर उष्माघात समजून ओल्या कपड्यानं अंग पुसत, वारा घालत १०८ ला फोन. बाकी कारणं दवाखान्यात सापडतात: लघवीचा जंतुसंसर्ग, प्रोस्टेटमुळं तुंबलेली लघवी, आठ दिवसांची बद्धकोष्ठता, बीपीच्या लघवी होणाऱ्या गोळीनं आणि घामानं उतरलेलं सोडियम. मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, झोपेची गोळी, खाज किंवा उलटीची गोळी, यातली कोणतीही म्हाताऱ्या मेंदूला भ्रमात टाकू शकते; सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून सोबत न्या. गेल्या दोन महिन्यांत डोकं आपटलं होतं का, ते आठवून सांगा. मेंदूवर हळूहळू साकळलेलं रक्त कित्येक आठवड्यांनी त्रास देतं, आणि ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सीटी स्कॅन टाळू नका. बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरची घाटी, जे जवळ असेल ते गाठा, देवऋषी नंतर.

कारण दूर झाल्यावरही डोकं ताळ्यावर यायला काही आठवडे लागतात. त्या काळात चष्मा, कानाचं यंत्र आणि घरचं एक माणूस जवळ असू द्या, आणि हात बांधू देऊ नका.

प्रश्न : आजी कधी शाळेत गेली नाही. शहरातल्या डॉक्टरांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. मार्क कमी पडले म्हणून स्मृतिभ्रंश लिहून दिला. (हिंगोली)

उत्तर : ती परीक्षा आजीची झाली नाही, तिला न मिळालेल्या शाळेची झाली. पेन्सिल कधी हातात न धरलेल्या माणसाला घड्याळ काढता येत नाही, यात मेंदूचा काय दोष? हरियाणात बल्लभगढला १९९५ च्या सुमारास नेमक्या याच कारणानं निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली. दुसऱ्यांदा तपासणी करून घ्या आणि आजीच्या जगातलं विचारायला सांगा. तारीख नको, वार, मराठी महिना, एकादशी होऊन गेली की यायची आहे, गावचा बाजार कोणत्या वारी. '२०० ची नोट दिली, १३० चा किराणा झाला, परत किती?' एका मिनिटात जनावरांची नावं. तीन वस्तू सांगून पाच मिनिटांनी विचारणं. वय माहीत नसेल तर पोलीस ॲक्शनच्या वेळी चालत होतीस का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा पोरं किती होती, यावरून काढतात. आणि सर्वांत मोलाचं: पाच वर्षांपूर्वी ती जे करायची, त्यातलं आता काय सुटलं?

एक कारण अशा वेळी राहून जातं. आजीला ऐकू कमी येत असेल तर प्रश्न न ऐकताच दिलेलं उत्तर चूक धरलं जातं. आधी कानातला मळ काढून घ्या.

थोडक्यात

बदाम, ब्राह्मी, शब्दकोडी? बदाम खा, चांगले लागतात. ब्राह्मीनं स्मृतिभ्रंश टळतो याला भक्कम पुरावा नाही. गिंको नावाच्या महागड्या गोळ्यांचा तीन हजारांवर वृद्धांवरचा मोठा प्रयोग २००८ मध्ये फोल ठरला. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात पटाईत होतो. चालणं मात्र खरं. १२० वृद्धांच्या एका प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं झपझप चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षात साधारण २ टक्के वाढला, नुसते हात-पाय ताणणाऱ्यांचा आक्रसला. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

माळकरी आहोत, मधुमेहाची मेटफॉर्मिन दहा वर्षं चालू, हातापायाला मुंग्या आणि विसर? या आठवड्यातच बी-१२ तपासा. शाकाहार आणि मेटफॉर्मिन दोन्हींनी ते उतरतं, ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल रोज घेत असाल तर आणखी. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे शंका. इंजेक्शननं भरून निघतं, पण उशीर झाला तर मुंग्या पूर्ण जात नाहीत.

वडिलांना विसर पडतोय, जमीन आत्ताच नावावर करून घ्यावी असं भाऊ म्हणतो. चालेल? निदान झालं म्हणून माणसाची सही रद्द होत नाही. काय देतोय, कुणाला देतोय, हे त्या दिवशी त्यांना कळत असेल तर मृत्युपत्र करता येतं. दोन साक्षीदार आणि त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घ्या. बक्षीसपत्राची घाई करू नका. करायचंच तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मग मिळतो. आणि भाऊ घाई का करतोय, हे वडील नीट बोलू शकतात तोवर त्यांच्याच समोर विचारा.

व्हॉट्सॲपवरचं खोटं आहे असं दहादा सांगूनही बाबा तेच खरं मानतात. दहादा सांगता, म्हणूनच. वयानं 'हे ऐकलंय' एवढं टिकतं, 'खोटं म्हणून ऐकलंय' हा शिक्का निघून जातो. २००५ च्या एका प्रयोगात वृद्धांना एखादं विधान खोटं असल्याचं तीनदा सांगितलं. एकदाच सांगितलेल्या विधानांपेक्षा तीच विधानं तीन दिवसांनी त्यांना जास्त वेळा खरी वाटली. खोटं वाक्य पुन्हा उच्चारू नका, खरं काय तेवढंच सांगा. 'पोलीस बोलतोय, तुमच्यावर केस आहे' अशा फोनसाठी फोनच्या मागं जाड अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: 'पैसे मागितले की फोन ठेव. मुलाला लाव.'

बीपीची गोळी घेतली की नाही, हेच आठवत नाही. पुन्हा घेऊ? नाही. रोज एकसारखी केलेली गोष्ट वेगळी आठवतच नाही, तरुणांनाही नाही. सात कप्प्यांची डबी आणा, रविवारी भरा, चहाच्या साखरेच्या डब्यावर ठेवा. आजचा कप्पा रिकामा, म्हणजे घेतली.